परसातील फुले आणि पाहुणे

महसूल खात्यात कारकुनी करीत असता जमिनीची योग्यता आम्ही सारा आणि पीक यांवरून ठरवीत असू. जेथे काही पिकत नाही ती जागा पोटखराब. सेवानिवृत्तीनंतर पूर्णा येथील घरामागचे गुंठाभराहून लहान परसही आम्ही प्रथम त्याच सदरात घातले होते. आज तेथे लिंबोणी, कढीलिंब, जास्वंद, तुळस, झेंडू आणि तांबड्या भोपळ्याचा वेल एवढा संसार आहे.

सकाळी जंक्शनवरील गाड्यांच्या शिट्या ऐकत आम्ही ओट्यावर बसतो. तुळशीच्या मंजिऱ्यांवर मधमाश्या गुणगुणतात, सातभाई पालापाचोळा उलथून किडे वेचतात आणि शिंजीर आपली बाकदार चोच जास्वंदीत घालून मध पितो. मात्र पिलांस तो किडे व कोळीच भरवितो, हे आम्हांस पुढे कळले. आणि ते कळण्यास मोल पडले.

तीन वर्षांपूर्वी चैत्रात लिंबोणीची पाने अळ्यांनी कुरतडलेली दिसली. कपाशीवर फवारून उरलेले औषध कोनाड्यात होते. तेच आम्ही मारले. कपाशीचे औषध घरच्या लिंबावर मारणे हीच मुळात चूक. शेजारच्या जास्वंदीस शिंजीराचे लोंबते घरटे होते, त्यात दोन पिले. तिसऱ्या दिवशी घरटे निःशब्द झाले. कारण तेच, असे शपथेवर सांगता येणार नाही. परंतु आमचे मन आम्हांस निर्दोष ठरवीत नाही. त्याच हंगामात भोपळ्याची बाळफळे पिवळी पडून गळाली.

ती अळी कोण, हे आधी पाहावयास हवे होते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठेपणी हिरवी होते. डिवचल्यास डोक्यामागून तांबूस शिंगे काढून उग्र वास सोडते. तिचेच पुढे काळे-पिवळे फुलपाखरू होते. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरविलेले नीलवंत याच कुळातले. त्याच्या अळ्याही लिंबूवर्गीय झाडांची पाने खातात. वाढलेले झाड थोड्या पानांची हानी सोसते. रोप लहान असल्यास अळ्या हातांनी वेचून कढीलिंबावर सोडाव्या.

शेतकरी बंधूंस हा केवळ शहरातील रिकामपणाचा छंद वाटू नये. भोपळा व काकडी यांची नर-मादी फुले निराळी असतात; पराग वाहून नेणारी माशी न आली तर फळ धरत नाही. म्हणून पीक फुलोऱ्यात असता शक्यतो फवारू नये; निरुपाय झाल्यास मधमाश्या परतल्यावर सायंकाळी फवारावे. ओळख नसलेली अळी आधी परभणीच्या कृषी विद्यापीठात दाखवावी. बांधावर चार झेंडू, तुळशी लावाव्या. उन्हाळ्यात उथळ परळात पाणी ठेवावे, ते रोज बदलावे, आणि माश्या बुडू नयेत म्हणून त्यात दोन खडे टाकावे.

आता आमच्या कोनाड्यात औषध नाही. यंदा चैत्रात शिंजीराने त्याच जास्वंदीस पुन्हा घरटे टांगले आणि दोन्ही पिले उडून गेली. लिंबोणीच्या पानांस भोके आहेत, लिंबेही आहेत.