भोपाळातील मराठी लेखणी

एखादी भाषा घराघरांतून बोलली जाते तोवर तिला भय नाही, असा एक समज आहे. हा समज अर्धाच खरा मानावा लागतो. जी भाषा केवळ बोलली जाते आणि लिहिली जात नाही, ती कालांतराने स्वयंपाकघर आणि सणवार यांच्यापुरती उरते. तिच्यात सलग विचार करण्याची सवय पुढच्या पिढीला राहत नाही. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न उभा आहे आणि भोपाळसारख्या शहरात तो अधिक स्पष्टपणे दिसतो.

२०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी ही मातृभाषा म्हणून सांगणारे सुमारे १२ लाख लोक होते. त्यांतील पुष्कळसे बैतूल, छिंदवाडा, बऱ्हाणपूर अशा सीमेलगतच्या जिल्ह्यांतील. इंदूर, ग्वाल्हेर, देवास, धार येथील मराठी वस्ती ही संस्थानी काळातील. भोपाळची कथा निराळी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले, भोपाळ राजधानी झाली आणि नागपूरच्या कचेऱ्यांतील अनेक मराठी नोकरदार दप्तरांबरोबर येथे आले. पुढे विजेची अवजड यंत्रे बनविणाऱ्या कारखान्याने निरनिराळ्या प्रांतांतील माणसे एका जागी आणली. शहराच्या पूर्वेकडील अयोध्या नगरासारख्या वसाहतींत मराठी कुटुंब राहते ते हिंदी शेजारात. मुले हिंदी वा इंग्रजी शाळेत जातात. आजीशी मराठीत बोलतात. पण पत्र, निबंध किंवा कविता लिहावयाची झाली म्हणजे त्यांची लेखणी आपोआप हिंदीकडे वळते.

यात हिंदीचा दोष नाही. श्योपूर येथे १९१७ साली जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध हे मराठी घरातील. त्यांनी हिंदी काव्याला नवे वळण दिले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी मात्र मराठीत कविता, कादंबरी आणि समीक्षा लिहिली; १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मराठी ग्रंथासाठी मिळाला. एकाच घरातून दोन भाषांना दोन मोठे लेखक मिळाले. भाषेची अशी निवड त्यांना करता आली, कारण दोन्ही भाषांत लिहिण्याचे सामर्थ्य त्या घरात होते. आजच्या मुलाला मराठीत लिहिताच येत नसेल, तर त्याच्यापुढे निवडीचा प्रश्नच उरत नाही.

मध्य भारताची मराठी परंपरा दुबळी नाही. कवी भास्कर रामचंद्र तांबे यांचा जन्म १८७३ साली मुंगावलीचा आणि त्यांच्या आयुष्याचा उत्तरकाळ ग्वाल्हेरचा. मराठी साहित्य संमेलन इंदूरला १९१७, १९३५ आणि २००१ साली भरले. १९६१ च्या ग्वाल्हेर संमेलनात कुसुमावती देशपांडे या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या, तर १९६७ साली खुद्द भोपाळ येथे डॉ. वि. भि. कोलते यांच्या अध्यक्षतेखाली संमेलन झाले. परंतु संमेलन तीन दिवसांत संपते. लेखक घडतो तो दर महिन्याच्या साध्या बैठकीत. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे उदाहरण येथे बोलके आहे. माधव जूलियन, यशवंत, गिरीश आदी मोजकी मंडळी एकत्र जमत, नव्या कविता वाचीत आणि त्यांवर चर्चा करीत. जमणारी माणसे आणि एकमेकांचे लेखन ऐकण्याची तयारी, हेच त्यांचे मुख्य भांडवल होते.

असे मंडळ अयोध्या नगरातही उभे राहू शकते. आठ-दहा माणसे पुरेत. घर कोणाचेही चालेल. मात्र वार आणि वेळ ठरलेली असावी. एका बैठकीत दोनच लेखकांचे लेखन घ्यावे आणि त्याच्या प्रती आधी सर्वांना मिळाव्यात. लेखकाने मोठ्याने वाचावे व नंतर काही काळ गप्प राहावे. ऐकणाऱ्यांनी प्रथम आपल्याला काय समजले ते सांगावे, मग लक्ष कोठे सुटले ते सांगावे. प्रशंसा व दुरुस्ती त्यानंतर. ‘छान आहे’ या दोन शब्दांनी लेखकाच्या हाती काहीच लागत नाही.

हिंदी प्रदेशातील मंडळाला आणखी एक काम असते. लिपी एकच असल्याने येथील मुलाला मराठी वाचणे सोपे जाते. पण तेथेच फसगतही होते. मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. मराठीत ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा, हिंदीत प्रयत्न. मराठीत ‘संसार’ घराचा, हिंदीत जगाचा. हिंदीत ‘कवि’ ऱ्हस्व, तर मराठीत ‘कवी’ दीर्घ. ‘तो येऊन राहिला आहे’ अशी वाक्ये भोपाळ-नागपूरच्या बोलण्यात सहज येतात. कथेतील पात्राच्या तोंडी ते वाक्य खरे वाटेल, ते पुसू नये. निवेदनात ते ठेवावयाचे की नाही, याचा निर्णय मात्र लेखकाने जाणून घ्यावा. ही जाण एकट्याने येणे कठीण. चार कान ती लवकर देतात.

साधनांची वाण नाही. मराठी विश्वकोश, मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आता घरबसल्या संगणकावर विनामूल्य पाहता येतात. मध्य प्रदेश शासनाची मराठी साहित्य अकादमी भोपाळातच आहे. मोठ्या तलावाच्या काठी १९८२ साली सुरू झालेल्या भारत भवनातील ‘वागर्थ’ हा विभाग भारतीय भाषांतील कवितेसाठीच आहे. हिंदी कवींच्या बैठकीला मराठी मंडळाने जावे आणि त्यांना आपल्याकडे बोलवावे. अनुवाद हा दोन्ही लेखण्यांचा उत्तम व्यायाम होय.

वर्षाचा क्रमही आखून घेता येतो. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिन मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणांऐवजी मंडळातील नवे लेखन वाचले जावे. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांकडून आजी-आजोबांच्या आठवणी लिहवून घ्याव्यात. पहिल्या पिढीने भोपाळ कसे वसविले, हे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. दिवाळी अंकांसाठी साहित्य पावसाळ्यातच पाठवावे. गणेशोत्सवात मंडळाचे हस्तलिखित मांडावे. त्यात अशुद्धे राहतील, काही लेखन कच्चेही असेल. त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो मान मागच्या दोन हजार वर्षांच्या लेखनाचा आहे. पुढचे लेखन ज्याने त्याने आपल्या गावी करावयाचे आहे. अयोध्या नगरातील एखाद्या मुलीने आपल्या आजीची हकीकत मराठीत लिहिली आणि ती ऐकावयास पाच माणसे बसली, तर भोपाळपुरते ते काम सुरू झाले असे समजावे.