औंधचे नमस्कार आणि पिलाटीस

सांगली आणि मिरज यांच्यामधल्या रस्त्यावर वाढलेल्या विश्रामबागेत १९१९ साली स्थापन झालेले विलिंग्डन महाविद्यालय आहे, तसेच १९४७ साली सुरू झालेले आणि आज वालचंद या नावाने ओळखले जाणारे अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. साहजिकच या भागातील पुष्कळ लोकांचा दिवस वर्गातील बाकावर, संगणकापुढे आणि दुचाकीवर बसण्यात जातो. प्रौढ माणसाचे डोके साधारणपणे साडेचार ते पाच किलो वजनाचे असते आणि ते खांद्यांच्या रेषेपुढे झुकले की मानेच्या मागच्या स्नायूंना ते तासन्‌तास ओढून धरावे लागते. त्यातच पाठीला पोक आला आणि कंबर मागे कलली, तर छातीचा पिंजरा पुरेसा फुलत नाही व श्वास उथळ होतो. अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी ‘ताठ बस’ असे सांगतात. मात्र छाती काढून ताठरलेले शरीरही लवकरच थकते, कारण चांगली ठेवण म्हणजे एकच स्थिती धरून ठेवणे नव्हे. कमीत कमी श्रमात तोल सांभाळणे आणि स्थिती सहज बदलता येणे, हेच तिचे खरे लक्षण होय.

ही क्षमता शिकवणाऱ्या पद्धतींपैकी पिलाटीस ही आज शहरोशहरी पोहोचलेली पद्धत आहे. तिचे जनक जोसेफ पिलाटीस यांचा जन्म १८८३ साली जर्मनीत झाला आणि लहानपणी ते दम्याने व मुडदुसाने त्रस्त होते. पहिल्या महायुद्धात, शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून, इंग्रजांनी त्यांना स्थानबद्ध केले होते. त्या छावणीत रुग्णांच्या खाटांना स्प्रिंगा जोडून त्यांनी पडल्यापडल्या व्यायाम करण्याची सोय केली, असे सांगितले जाते. १९२६ च्या सुमारास ते न्यूयॉर्कला गेले व तेथे त्यांनी काढलेल्या व्यायामशाळेत दुखापत झालेले नर्तक मोठ्या संख्येने येऊ लागले.

महाराष्ट्रातील वाचकाला या पद्धतीमागचा विचार बराचसा ओळखीचा वाटेल, आणि त्याचे कारण सांगलीपासून फार दूर नाही. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी तरुणपणी युजेन सँडो या युरोपीय शरीरसौष्ठवपटूची साधने मागवून सुमारे दहा वर्षे त्याच्या पद्धतीने व्यायाम केला. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि त्यांनी संस्थानातील शाळांत नमस्कार सक्तीचे केले. औंध संस्थानातील आटपाडी आणि किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहेत. राजेसाहेबांचे नमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले. पिलाटीस यांचे मुख्य पुस्तक त्यानंतर सात वर्षांनी, १९४५ मध्ये आले. दोघांचा परस्परांशी संबंध आल्याचा पुरावा नाही, पण नुसते दंड फुगवण्यापेक्षा श्वासासह संपूर्ण शरीर कामाला लावावे, या निष्कर्षावर दोघेही आपापल्या वाटेने आले.

फरक आहे तो हालचालींच्या रचनेत. नमस्कारात कणा मुख्यतः पुढे व मागे वाकतो. बाजूला वाकणे आणि पिळणे त्यात जवळजवळ नसते. शिवाय रथसप्तमीच्या सामूहिक कार्यक्रमांत आकडा गाठण्याची घाई झाली की कंबर लोंबते आणि भार मनगटांवर व कण्याच्या खालच्या भागावर पडतो. संख्येचे हे कौतुक नमस्कारांचे नुकसानच करते. पिलाटीसमध्ये एकेक हालचाल थोड्याच वेळा, पण सावकाश करायची असते. धड स्थिर ठेवून हात-पाय हलवायचे असतात, आणि कुशीवर पडून करण्याचे व पिळण्याचे प्रकारही त्यात आहेत. धड स्थिर ठेवण्याचे काम शरीराच्या गाभ्यातील स्नायू करतात. पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू कमरेला आतून बांधलेल्या रुंद पट्ट्यासारखा असतो. त्याच्या जोडीला मणक्यांलगतचे लहान स्नायू, वर श्वासपटल आणि खाली ओटीपोटाचा तळ सांभाळणारे स्नायू असतात. श्वास सोडताना पोट हलकेच आत घेतले की ही मंडळी एकत्र काम करू लागतात. म्हणूनच ‘शंभर’ नावाच्या प्रसिद्ध व्यायामात उताणे पडून, डोके व पाय उचलून, हात शंभर वेळा खालीवर करताना पाच मोजेपर्यंत श्वास घेणे आणि पाच मोजेपर्यंत सोडणे हा क्रम दहा वेळा पाळला जातो. मान दुखत असल्यास डोके जमिनीवर व गुडघे वाकवलेले ठेवून सुरुवात करता येते.

पिलाटीसच्या गुणांचे दावे मात्र तारतम्याने घ्यावेत. वैद्यकीय प्रयोगांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यानुसार, कंबरदुखीत काहीच न करण्यापेक्षा किंवा जुजबी उपचारांपेक्षा पिलाटीसने वेदना कमी होतात. परंतु इतर व्यायामांपेक्षा ते सरस असल्याचा निर्णायक पुरावा आढळला नाही. पोक आणि पाठदुखी यांचा संबंधही लोक समजतात तितका सरळ नाही. मन हलके होणे, झोप सुधारणे हे लाभ नियमित व्यायामाच्या बहुतेक प्रकारांतून मिळतात. तरीही चुकीच्या ठेवणीची जाणीव होणे आणि ती बदलण्याचे तंत्र हाती येणे, हा या पद्धतीचा विशेष मानावा लागेल.

स्प्रिंगांवर सरकणारे महागडे यंत्र घेतल्याशिवाय पिलाटीस होत नाही, हा समज चुकीचा आहे. मूळ पुस्तकातील चौतीस व्यायाम जमिनीवरचेच असून त्यांना एक जाड सतरंजी पुरते. हाडे ठिसूळ झालेल्यांनी मात्र त्यांतील पाठ गोल करून लोळण्याचे प्रकार वगळावेत, कारण पुढे वाकताना मणक्यांवर पडणाऱ्या दाबाने ते पिचू शकतात. पायाला मुंग्या येत असतील किंवा पायातील जोर कमी झाला असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. गरोदर व नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांनीही आपल्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना विचारूनच सुरुवात करावी, कारण पोटाचे स्नायू मधोमध फाकलेले असताना ‘शंभर’सारखे प्रकार त्यांना त्रासदायक ठरू शकतात.