विश्वास अंतराल व परिकल्पना परीक्षण

विश्वास अंतराल व परिकल्पना परीक्षण : एखाद्या समूहातील सर्व घटकांची पाहणी न करता त्यातून निवडलेल्या थोड्या घटकांवरून संपूर्ण समूहाविषयी अनुमान काढण्याच्या सांख्यिकीतील दोन प्रमुख पद्धती. ज्या अज्ञात राशीविषयी जाणून घ्यावयाचे तिचे मूल्य कोणत्या दोन मर्यादांच्या दरम्यान असावे, हे विश्वास अंतरालाने सांगितले जाते. त्या राशीविषयी आधी मांडलेले एखादे विधान हाती आलेल्या निरीक्षणांशी सुसंगत आहे की नाही, हे परिकल्पना परीक्षणाने ठरविले जाते. दोन्ही पद्धती संभाव्यता सिद्धांतावर आधारलेल्या असून एकाच विचाराच्या त्या दोन बाजू आहेत.

मूलभूत संकल्पना : ज्या समूहाविषयी अनुमान काढावयाचे त्यास समष्टी व त्यातून निवडलेल्या घटकांच्या संचास प्रतिदर्श (नमुना) असे म्हणतात. समष्टीचे वर्णन करणाऱ्या सरासरी, शेकडा प्रमाण यांसारख्या स्थिर पण अज्ञात राशीस प्राचल ही संज्ञा आहे. प्रतिदर्श यादृच्छिक रीतीने, म्हणजे प्रत्येक घटकास निवडले जाण्याची ठराविक संधी देऊन, घेतला असेल, तर एका प्रतिदर्शापासून दुसऱ्या प्रतिदर्शापर्यंत त्याची सरासरी किती बदलेल याचा हिशेब गणिताने करता येतो. या बदलाच्या मापास प्रमाण त्रुटी म्हणतात. निरीक्षणांच्या प्रमाण विचलनास प्रतिदर्शातील घटकसंख्येच्या वर्गमुळाने भागले असता सरासरीची प्रमाण त्रुटी मिळते. त्यामुळे त्रुटी निम्मी करावयाची असेल, तर घटकसंख्या चौपट करावी लागते.

विश्वास अंतराल : समजा, एका तालुक्यातील ज्वारीचे दर हेक्टरी उत्पादन काढण्यासाठी यादृच्छिक रीतीने निवडलेल्या १०० भूखंडांवर पीक कापणी प्रयोग केले. त्यांची सरासरी ९ क्विंटल व प्रमाण विचलन ३ क्विंटल आले. येथे प्रमाण त्रुटी ०.३ क्विंटल होते. मोठ्या प्रतिदर्शांच्या सरासऱ्यांचे वंटन जवळजवळ प्रसामान्य असते आणि अशा वंटनातील ९५% मूल्ये मध्यापासून १.९६ प्रमाण त्रुटींच्या आत असतात. म्हणून ९ मध्ये ०.३ च्या १.९६ पट मिळवून व वजा करून ८.४ ते ९.६ क्विंटल हे ९५% विश्वास अंतराल मिळते. भूखंड ४०० घेतले असते व बाकीचे आकडे तेच राहिले असते, तर हे अंतराल ८.७ ते ९.३ इतके अरुंद झाले असते. प्रतिदर्श लहान असल्यास १.९६ ऐवजी मोठा गुणक वापरावा लागतो. १० भूखंडांसाठी तो २.२६ आहे.

या ९५ टक्क्यांचा अर्थ लावताना नेहमी गल्लत होते. तालुक्याची खरी सरासरी ही एक निश्चित संख्या आहे; ती ८.४ ते ९.६ यांच्या दरम्यान आहे किंवा नाही, एवढेच म्हणता येते. बदलते ते अंतराल, कारण ते प्रतिदर्शावर अवलंबून असते. याच रीतीने पुनःपुन्हा प्रतिदर्श घेऊन दर वेळी अंतराल काढले, तर दीर्घकाळात त्यांपैकी सुमारे ९५% अंतरालांत खरे मूल्य सापडेल आणि ५% अंतरालांतून ते निसटेल. म्हणजेच ९५% हे वर्णन पद्धतीच्या विश्वसनीयतेचे आहे, हाती आलेल्या एका विशिष्ट अंतरालाचे नव्हे. निसटण्याचा धोका कमी करण्यासाठी ९९% अंतराल काढता येते, परंतु ते अधिक रुंद असते. खात्री व नेमकेपणा ही दोन्ही एकाच वेळी वाढवावयाची असतील, तर प्रतिदर्श मोठा करणे हा मुख्य उपाय होय.

परिकल्पना परीक्षण : या पद्धतीत प्रथम ‘फरक नाही’ किंवा ‘परिणाम नाही’ अशा स्वरूपाचे विधान मांडतात. यास शून्य परिकल्पना म्हणतात. तिच्या विरुद्ध असलेल्या विधानास पर्यायी परिकल्पना म्हणतात. शून्य परिकल्पना खरी मानल्यास प्रत्यक्षात दिसला तेवढा किंवा त्याहून अधिक फरक केवळ योगायोगाने दिसण्याची संभाव्यता किती, हे काढतात. या संभाव्यतेस पी-मूल्य असे नाव आहे. ती आधीच ठरविलेल्या सार्थकता पातळीपेक्षा कमी आल्यास शून्य परिकल्पना त्याज्य ठरवितात. ही पातळी सामान्यतः ५% किंवा १% घेतात.

असा निर्णय दोन प्रकारे चुकू शकतो. शून्य परिकल्पना खरी असूनही ती त्याज्य ठरविणे ही पहिल्या प्रकारची त्रुटी होय. ती खोटी असूनही त्याज्य न ठरविणे ही दुसऱ्या प्रकारची त्रुटी होय. सार्थकता पातळी म्हणजे पहिल्या प्रकारच्या त्रुटीची संभाव्यता. खरा फरक असताना तो ओळखण्याच्या संभाव्यतेस परीक्षेचे सामर्थ्य म्हणतात. प्रतिदर्श तेवढाच ठेवून एक त्रुटी कमी केली की दुसरी वाढते.

बालपक्षाघाताच्या लशीचे परीक्षण : या संकल्पनांचे महत्त्व १९५४ मध्ये अमेरिकेत झालेल्या सॉल्क लशीच्या क्षेत्रीय परीक्षणावरून स्पष्ट होते. बालपक्षाघाताचे (पोलिओचे) प्रमाण वर्षावर्षाला फार बदलत असे. त्यामुळे एका वर्षी लस देऊन मागील वर्षाशी तुलना करणे निरुपयोगी होते. काही भागांत पालकांनी संमती दिलेल्या शाळकरी मुलांचे यादृच्छिक रीतीने दोन गट करण्यात आले. एका गटातील २,००,७४५ मुलांना लस व दुसऱ्या गटातील २,०१,२२९ मुलांना लशीसारखेच दिसणारे निष्क्रिय द्रव टोचण्यात आले. कोणास काय टोचले हे मुलांना, पालकांना अथवा निदान करणाऱ्या डॉक्टरांना माहीत नव्हते. टॉमस फ्रान्सिस यांनी १२ एप्रिल १९५५ रोजी मिशिगन विद्यापीठात निष्कर्ष जाहीर केले. लस मिळालेल्या गटात ५७ व दुसऱ्या गटात १४२ मुलांना बालपक्षाघात झाल्याचे निश्चित झाले होते. हे प्रमाण दर लाख मुलांमागे अनुक्रमे २८ व ७१ पडते.

‘लशीचा काही परिणाम नाही’ ही येथील शून्य परिकल्पना. दोन प्रमाणांतील फरक दर लाखामागे ४२ असून त्याची प्रमाण त्रुटी सुमारे ७ येते. म्हणजे दिसलेला फरक प्रमाण त्रुटीच्या सहापट आहे. लस निष्प्रभ असती, तर योगायोगाने एवढा फरक पडण्याची संभाव्यता पन्नास कोटींत एकाहूनही कमी आहे. शून्य परिकल्पना त्याज्य ठरविण्यास याहून सबळ पुरावा क्वचितच मिळतो. फरकाचे ९५% विश्वास अंतराल दर लाखामागे सुमारे २८ ते ५६ असे येते. परीक्षेने लस गुणकारी आहे एवढेच सांगितले. तिने किती मुलांचा आजार टळू शकेल हे अंतरालामुळे कळले.

हेच परीक्षण एकदशांश आकाराचे केले असते तर काय झाले असते, हे पाहणे उद्‍बोधक आहे. प्रत्येक गटात २०,००० मुले असती व रोगाचे प्रमाण साधारण तेच राहिले असते, तर एका गटात ६ व दुसऱ्यात १४ रुग्ण आढळले असते. हा फरक दर लाखामागे ४० होतो, परंतु त्याची प्रमाण त्रुटी सुमारे २२ येते. पी-मूल्य ७ टक्क्यांच्या आसपास पडल्याने ५% पातळीवर शून्य परिकल्पना त्याज्य ठरली नसती. ‘लशीचा परिणाम सिद्ध झाला नाही’ या निष्कर्षाचा ‘लस निरुपयोगी आहे’ असा अर्थ लावला गेला असता, तर मुलांना अपंगत्वापासून वाचविणारे साधन बाजूला पडले असते. या लहान परीक्षणातील विश्वास अंतराल उणे ४ ते अधिक ८४ असे आले असते. लशीचा परिणाम शून्य असू शकतो, तसाच तो फार मोठाही असू शकतो, असे त्यावरून दिसले असते. शून्य परिकल्पना त्याज्य न ठरणे म्हणजे ती सिद्ध होणे नव्हे, ही गोष्ट रुंद अंतराल उघड करते; केवळ ‘सार्थ’ वा ‘असार्थ’ या शब्दांनी ती झाकली जाते.

दोन पद्धतींचा संबंध : ९५% विश्वास अंतरालाच्या बाहेर पडणारी प्राचलाची मूल्ये म्हणजे ५% सार्थकता पातळीवर त्याज्य ठरणारी मूल्ये होत. वरील मोठ्या परीक्षणात शून्य हे मूल्य अंतरालाबाहेर पडले म्हणून ‘फरक नाही’ ही परिकल्पना त्याज्य ठरली. लहान परीक्षणात शून्य आत राहिले म्हणून ती टिकली. अशा प्रकारे एका अंतरालात प्राचलाच्या सर्व संभाव्य मूल्यांच्या परीक्षा सामावलेल्या असतात. केवळ परीक्षेचा निकाल देण्यापेक्षा अंतराल देणे अधिक माहितीपूर्ण ठरते, ते याच कारणामुळे.

ऐतिहासिक आढावा : जॉन आर्बथनॉट यांनी १७१० मध्ये लंडनमधील ८२ वर्षांच्या नामकरण नोंदी तपासल्या. दर वर्षी मुलींपेक्षा मुलग्यांची संख्या अधिक असल्याचे दाखवून हे केवळ योगायोगाने घडणे जवळजवळ अशक्य आहे, असा युक्तिवाद त्यांनी केला. सार्थकता परीक्षेचे हे आद्य उदाहरण मानले जाते. कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये काय-वर्ग परीक्षा मांडली. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत काम करणारे विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टूडंट’ या टोपणनावाने लहान प्रतिदर्शांसाठी उपयुक्त असे वंटन शोधून काढले. सर रॉनल्ड फिशर यांच्या १९२५ मधील ग्रंथामुळे सार्थकता परीक्षा व ५% पातळीचा संकेत संशोधकांत रूढ झाला. दोन प्रकारच्या त्रुटींचा व सामर्थ्याचा विचार जेर्झी नेमन व ईगन पिअर्सन यांनी १९२८ ते १९३३ या काळात विकसित केला. नेमन यांनी १९३४ मध्ये विश्वास अंतरालाची कल्पना मांडून १९३७ मध्ये तिला पूर्ण सैद्धांतिक रूप दिले.

फिशर यांच्या मते पी-मूल्य हे पुराव्याचे बळ मोजण्याचे साधन होते, तर नेमन व पिअर्सन परीक्षेकडे निर्णय घेण्याचा नियम म्हणून पाहत. त्यांच्यात तीव्र मतभेद होते. पुढील पाठ्यपुस्तकांत मात्र दोन्ही विचारांची सरमिसळ झाली. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–९७) यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये नेमन व ईगन पिअर्सन यांच्या सहवासात अध्ययन केले. पुढे भारतातील पीक उत्पादनाच्या अंदाजासाठी यादृच्छिक प्रतिदर्शनावर आधारित कापणी प्रयोगांची पद्धत रुजविण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

मर्यादा व गैरसमज : पी-मूल्य ५% आले म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता ५% आहे, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. शून्य परिकल्पना खरी मानूनच हे मूल्य काढलेले असते; त्यामुळे तिच्या खरेपणाची संभाव्यता ते सांगू शकत नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशन या संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनात हा मुद्दा स्पष्टपणे मांडला. सांख्यिकीय सार्थकता व व्यावहारिक महत्त्व यांतही भेद करावा लागतो. प्रतिदर्श फार मोठा असल्यास नगण्य फरकही सार्थ ठरतो. तसेच प्रत्यक्षात कोठेच फरक नसताना एकमेकींपासून स्वतंत्र अशा २० परीक्षा ५% पातळीवर केल्या, तर त्यांपैकी निदान एक तरी सार्थ ठरण्याची संभाव्यता सुमारे ६४% असते. अशा वेळी सार्थ ठरलेली तेवढीच परीक्षा प्रसिद्ध करणे दिशाभूल करणारे होय.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा अशी की, या पद्धती केवळ यादृच्छिक त्रुटीचा हिशेब देतात. प्रतिदर्शाच्या निवडीतील पक्षपाताचा नाही. सॉल्क लशीच्या परीक्षणाच्या वेळी त्याच भागांतील सुमारे ३.४ लाख मुलांना टोचणीसाठी पालकांची संमती मिळालेली नव्हती. त्यांच्यात रोगाचे प्रमाण दर लाखामागे ४६ आढळले, म्हणजे निष्क्रिय द्रव टोचलेल्या मुलांपेक्षा पुष्कळच कमी. संमती देणारी कुटुंबे तुलनेने सुस्थितीतील होती. स्वच्छ परिसरात वाढणाऱ्या मुलांना तान्हेपणी, आईकडून मिळालेले संरक्षण शाबूत असताना, सौम्य संसर्ग होऊन प्रतिकारक्षमता येण्याची शक्यता कमी असते. त्यामुळे पुढे त्यांना या रोगाचा धोका अधिक राही. लस घेतलेल्या मुलांची तुलना संमती न मिळालेल्या मुलांशी केली असती, तर फरक ४२ ऐवजी अवघा १८ दिसला असता आणि त्याचे विश्वास अंतराल सुमारे ८ ते २८ आले असते. हे अंतराल आधीच्या अंतरालापेक्षा अरुंद आहे, परंतु लशीच्या खऱ्या परिणामाविषयी ते फसवे आहे. अंतरालाची रुंदी निरीक्षणांच्या संख्येवर अवलंबून असते. त्याची विश्वासार्हता मात्र निरीक्षणे कशी मिळविली यावर ठरते. म्हणून गणित सुरू होण्यापूर्वी प्रयोगाची आखणी, यादृच्छिक निवड व योग्य तुलनागट यांची तजवीज करणे हा सांख्यिकीय अनुमानाचा पाया समजला जातो.