कॅम्पातलं बर्गरचं दुकान आणि आपल्या पाकिटावरचं नाव



आज आम्ही बर्गरबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, आम्ही करतो कुरडया-पापड, भाजणी, काळा मसाला; आमचा बर्गरशी काय संबंध? खाण्याच्या बाबतीत नाहीच. पण बर्गर विकणाऱ्या मोठ्या कंपन्या पैसा नेमका कशावर कमावतात आणि कशासाठी कोर्टात जातात, हे एकदा कळलं की आपल्या पाकिटावर छापलेल्या चार अक्षरांकडे आपण वेगळ्या नजरेनं बघायला लागतो. त्यासाठी अमेरिकेपर्यंत जायला नको, पुण्याच्या कॅम्पात गेलं तरी पुरे.

कॅम्पात एका इराणी दांपत्याचं 'बर्गर किंग' नावाचं दुकान आहे. १९९१-९२ पासूनचं. तेव्हा परदेशी बर्गरची दुकानं आपल्याकडे फारशी नव्हती. मॅकडोनाल्ड्ससुद्धा भारतात आलं ते १९९६ मध्ये. अमेरिकेत मात्र याच नावाची मोठी कंपनी १९५४ पासून आहे. त्या कंपनीनं २०११ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला, की हे नाव जगभर आमचं आहे, कॅम्पातल्या दुकानानं ते वापरायचं थांबवावं आणि वीस लाख रुपये भरपाई द्यावी. गंमत अशी, की तेव्हा कंपनीचं भारतात एकही दुकान चालू नव्हतं. पहिलं दुकान दिल्लीत निघालं २०१४ च्या नोव्हेंबरात, आणि पुण्यात त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे तवा तापायच्या आधीच नावाचं भांडण सुरू.

हा दावा तेरा वर्षं चालला. २०२४ मध्ये न्यायालयानं तो फेटाळला. पुण्याचं दुकान कंपनी भारतात येण्याच्या कितीतरी आधीपासून हे नाव वापरत होतं, आणि त्यामुळे गिऱ्हाईक फसलं किंवा कंपनीचं नुकसान झालं हे कंपनीला दाखवता आलं नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. दुकानदारांनीही उलट भरपाई मागितली होती, तीही मिळाली नाही. मग कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं अपिलाचा निकाल लागेपर्यंत दुकानाला ते नाव वापरायला मनाई केली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या मनाईला स्थगिती दिली आणि मूळ अपील उच्च न्यायालयातच चालू ठेवलं.

एका दुकानासाठी एवढ्या मोठ्या कंपनीनं एवढी वर्षं का घालवावीत? याचं उत्तर त्यांच्या धंद्याच्या रीतीत आहे. आपल्याला वाटतं, या कंपन्या बर्गर विकतात. खरं तर त्या विकतात नाव. जगभरातल्या मॅकडोनाल्ड्सच्या शंभर दुकानांपैकी सुमारे पंचाण्णव दुकानं कंपनी स्वतः चालवत नाही. दुकान दुसऱ्या कुणाचं, भांडवल त्याचं, नोकरांचा पगार तो देणार. कंपनी नाव आणि पद्धत देते आणि विक्रीतला वाटा घेते. याला फ्रँचायझी म्हणतात. महाराष्ट्रातली मॅकडोनाल्ड्सची दुकानं वेस्टलाइफ ही मुंबईची कंपनी चालवते, आणि डॉमिनोजचा पिझ्झा ज्युबिलंट ही भारतीय कंपनी विकते. पीठ मळणारे हात इथले, वाढणारी पोरं-पोरी इथल्याच. चवसुद्धा इथल्या माणसाला रुचेल अशी करून घेतली, म्हणून तर आलू टिक्कीचा बर्गर आला. तिकडून येतं ते नाव. तेच उद्या कुणीही वापरू लागलं, तर वाटा कशाचा मागणार?

आणि आता तर लोक फोनवर नाव टाकून खाणं मागवतात. दुकान स्वच्छ आहे की नाही, कढईतलं तेल ताजं आहे की नाही, काही दिसत नाही. दिसतं फक्त नाव. त्यामुळे नावाची किंमत आणखी वाढली, असं आम्हाला वाटतं.

खुद्द अमेरिकेतही या कंपनीला असा धडा मिळाला आहे. इलिनॉय राज्यात मॅटून नावाचं लहान गाव आहे. तिथे एका कुटुंबाचं 'बर्गर किंग' नावाचं दुकान होतं आणि त्यांनी त्या राज्यात नावाची नोंदणी १९५९ मध्येच करून ठेवली होती. प्रकरण कोर्टात गेलं. १९६८ मध्ये निकाल लागला, की बाकी सगळीकडे नाव कंपनीचं, पण मॅटूनभोवती वीस मैलांत कुटुंबाचंच. वीस मैल म्हणजे साधारण पुण्याहून सासवड. तेवढ्या टापूत ती बलाढ्य कंपनी त्या नावानं दुकान काढू शकत नाही. ऑस्ट्रेलियात तर ॲडलेडच्या एका दुकानदाराकडे ते नाव आधीच नोंदलेलं होतं, म्हणून तिथे कंपनीच्या दुकानांना दुसरंच नाव द्यावं लागलं, 'हंग्री जॅक्स'. ते आजही तेच आहे.

आता आपल्याकडे वळू. वडापाव घ्या. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो पहिल्यांदा विकला असं सांगतात. आज गल्लोगल्ली गाड्या आहेत, आणि कुणी कुणाला अडवू शकत नाही, कारण वडापाव कुणा एकाच्या मालकीचा होत नाही. पण पुण्यात 'जोशी वडेवाले' ही पाटी उद्या कुणीही लावून बघावी! तुमच्या भाजणीचंही असंच आहे. धने-जिऱ्याचं प्रमाण शेजारच्या गावातल्या गटानं उचललं तर काही करता येणार नाही. नाव उचललं तर करता येतं, पण नाव तुमचं आहे हे दाखवता आलं पाहिजे.

इथेच आपली अडचण आहे. प्रदर्शनात एका रांगेत 'जिजाऊ', 'सावित्री', 'अहिल्या' नावाचे तीन-तीन गट बसलेले असतात. गटाला ही नावं शोभतात, आमचा त्याला विरोध नाही. पण मालाचं नाव म्हणून ती कुचकामी, कारण गिऱ्हाइकानं पुढच्या वर्षी कुठल्या सावित्रीला शोधायचं? 'घरगुती मसाला', 'शुद्ध', 'पुणेरी' अशा नावांची नोंदणीही सहसा होत नाही, कारण ते शब्द मालाचं वर्णन करणारे किंवा गावाचे, ते सगळ्यांनाच लागतात. धर्मग्रंथाच्या नावावर एकट्यानं हक्क सांगता येत नाही. 'रामायण' नावाच्या अगरबत्तीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये तसं सांगितलं आहे. लिज्जतच्या बायकांनी १९५९ मध्ये ऐंशी रुपये उसने घेऊन पापड सुरू केले, आणि १९६२ मध्ये नावासाठी चक्क स्पर्धा घेतली. बक्षीस होतं पाच रुपये.

कायदा आपल्या बाजूनं कुठे उभा राहतो तेही ऐका. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात कलम ३४ आहे. दुसऱ्यानं ते नाव वापरायला लागण्याच्याही आधीपासून आणि त्याच्या नोंदणीच्याही आधीपासून तुम्ही ते सलग वापरत असाल, तर तो नोंदणीचा कागद दाखवून तुम्हाला थांबवू शकत नाही. पण 'आम्ही लई वर्षं करतोय' हे तोंडी चालत नाही. पाकिटांच्या छपाईचं पहिलं बिल, भीमथडी जत्रेतल्या किंवा तालुक्याच्या प्रदर्शनातल्या स्टॉलची पावती, अन्न नोंदणीचा दाखला, बँकेचं पासबुक, तारखेसह फोटो, हे सगळं एका फायलीत लावा. गटात हिशोब लिहिणारी कुणी ना कुणी असतेच. हेही तिच्याकडेच द्या. उच्च न्यायालयानं बर्गरच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना धंद्याचे आणि कराचे जुने कागद जपून ठेवायला सांगितलं, ते उगाच नाही.

नोंदणी करायची तर नाव कुणाच्या नावावर, हा खरा नाजूक प्रश्न. बचत गट बहुतेक वेळा कायद्यानं नोंदलेली संस्था नसतो. मग 'ताई, तुमच्याच नावानं टाका' म्हणून अध्यक्षांच्या नावानं अर्ज जातो. उद्या त्या गाव सोडून गेल्या किंवा गटात बिनसलं, की नाव त्यांच्याबरोबर गेलं, आणि बाकीच्या नऊजणींनी दहा वर्षं लाटलेल्या पापडांची ओळखही गेली. नोंदणीकृत प्रभागसंघ, सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी असेल तर तिच्या नावानं अर्ज करा. तसं काही नसेल, तर निदान हे नाव सगळ्यांचं आहे असा ठराव इतिवृत्तात लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि अर्ज करण्याआधी जाणकाराला दाखवा.

लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला साडेचार हजार रुपये आहे, त्यासाठी उद्यम नोंदणी जवळ असू द्या. वर्ग म्हणजे मालाचा प्रकार: पीठ, मसाले तिसाव्या वर्गात, लोणची एकोणतिसाव्यात. तेच नाव आधी कुणी घेतलंय का, हे ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतं. ते पाकिटं छापायच्या आधी बघा. अर्ज मान्य झाला की नाव जाहीर होतं, हरकतीसाठी चार महिने ठेवतात. नोंदणी दहा वर्षांची, पुढे फी भरून वाढवता येते.

एक बारीक गोष्ट राहिली. छापखान्यात पाकिटावर नावाशेजारी गोलातला 'आर' सर्रास टाकून देतात, छान दिसतो म्हणून. तो फक्त नोंदणी झालेल्यांनी वापरायचा. नोंदणी नसताना वापरणं गुन्हा आहे. अर्ज केला असेल तर 'टीएम' लिहा, आणि छापायला टाकण्याआधी नमुना स्वतः बघून घ्या.