जादूगाराचा मान, पाहुण्यांचा मान

पुण्याहून पौड रस्त्याने निघाले की चांदणी चौक, भूगाव, भुकूम अशी गावे मागे पडतात आणि पिरंगुटचा औद्योगिक पट्टा सुरू होतो. पुढे घोटवडे फाट्यावरून आत वळले की मुळशी तालुक्यातील भरे हे गाव येते. एका अंगाला कारखाने, तर दुसऱ्या अंगाला भातखाचरे व डोंगर. हिंजवडी आणि माणचे माहिती-तंत्रज्ञान संकुलही याच तालुक्यात आहे. साहजिकच या परिसरातील हिरवळी, शेतघरे व रिसॉर्ट यांवर कंपन्यांचे वार्षिक मेळावे, विक्रेत्यांची संमेलने आणि कर्मचाऱ्यांचे कुटुंबदिन भरू लागले. मेळावा म्हटला की भाषणे आली, पारितोषिके आली, भोजन आले. त्यांच्या जोडीला पत्रिकेत बहुधा आणखी एक ओळ असते: ‘जादूचे प्रयोग’.

त्या एका ओळीमागे एका माणसाचा पूर्ण दिवस असतो. दुपारीच तो आपल्या पेट्या घेऊन येतो, मंच पाहतो, ध्वनिक्षेपक तपासतो आणि मग तास-दीड तास वाट पाहत बसतो. जमलेल्यांपैकी कोणीही केवळ त्याच्यासाठी आलेले नसते. त्यांना मंचावरून पारितोषिक घ्यायचे असते, साहेबांना भेटायचे असते, मुलांना मोकळ्या हवेत खेळवायचे असते. अशा लोकांचे मन काही क्षणांत आपल्याकडे वळवायचे आणि त्यांना आनंदाने फसू द्यायचे, हे त्याचे काम. पाहणाऱ्याला वाटते की या व्यवसायात हातचलाखी हीच अवघड गोष्ट असावी. वस्तुतः हातचलाखी सरावाने साध्य होते. समोरच्या माणसाचा मान न दुखावता त्याला चकित करणे, ही खरी कसोटी आहे.

नाट्यगृहातून हिरवळीवर

पुणे जिल्ह्याला या कलेची मोठी परंपरा आहे. खेड तालुक्यातील आंबेठाण येथे १९२४ साली जन्मलेले रघुवीर भोपळे पुढे ‘जादूगार रघुवीर’ या नावाने घराघरांत पोहोचले. आपल्या प्रयोगांसाठी त्यांनी देशोदेशी प्रवास केला आणि ‘प्रवासी जादूगार’ हे पुस्तक लिहिले. १९८४ साली त्यांचे निधन झाले. पुत्र विजय रघुवीर आणि नातू जितेंद्र रघुवीर यांनी तीच वाट धरली. एकाच घराण्याच्या तीन पिढ्यांनी जादू हाच व्यवसाय मानावा, ही मराठी रंगभूमीच्या इतिहासातही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

त्या काळात जादू म्हणजे मुख्यतः तिकीट काढून पाहावयाचा प्रयोग. प्रेक्षक ठरवून येत, अंधारात बसत आणि समोरचा पडदा उघडण्याची वाट पाहत. नाट्यगृहाची रचनाही कलावंताच्या बाजूची असते. प्रेक्षक समोर, दोन्ही अंगांना विंगा, मागे काळा पडदा आणि प्रकाश हवा तसा. मेळाव्याच्या हिरवळीवर यांतले काहीच नसते. लोक तिन्ही बाजूंनी बसलेले असतात, मुले तर मंचाच्या मागेच खेळत असतात. पाठीमागे काळ्या पडद्याऐवजी कंपनीच्या बोधचिन्हाने झगमगणारा भव्य एलईडी पडदा असतो. बाजूने किंवा पाठीमागून पाहिले तर अनेक जादूंचे रहस्य उघडे पडते. त्यामुळे पेटीतील निम्मे प्रयोग पेटीतच ठेवावे लागतात. वाऱ्याने रुमाल उडतो, पत्ते विखुरतात. आगीचे प्रयोग तर मंडप आणि वाळलेले गवत पाहून टाळलेलेच बरे. कसलेला जादूगार म्हणूनच आधी जागा पाहतो आणि मग कार्यक्रम ठरवतो.

वेळेचे गणित

दुसरा प्रश्न वेळेचा. पत्रिकेत पाऊण तास लिहिलेला असतो. पण अध्यक्षांचे भाषण लांबते, पारितोषिकांची यादी संपत नाही, आणि जादूगाराच्या कानात निरोप येतो, “वीस मिनिटांत आटोपा.” प्रत्येक जादूला सुरुवात, मध्य आणि शेवट असतो. त्यातला शेवटच कापला तर हाती काय उरते, याचा धडा ९ एप्रिल १९५६ रोजी ब्रिटनच्या दूरचित्रवाणी प्रेक्षकांना मिळाला. बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ या थेट प्रक्षेपणात विख्यात भारतीय जादूगार पी. सी. सरकार यांनी एका मुलीला यंत्राच्या करवतीने कापण्याचा प्रयोग केला. करवत फिरली, पण मुलगी सुखरूप उठण्यापूर्वीच कार्यक्रम संपला. ती मेली असे समजून प्रेक्षकांनी बीबीसीकडे दूरध्वनींचा वर्षाव केला. मुलगी अर्थातच सुखरूप होती.

म्हणून मेळाव्यात जाणारा शहाणा जादूगार दहा, वीस आणि चाळीस मिनिटांचे तीन क्रम मनात तयार ठेवूनच येतो. सर्वांत वाईट वेळ म्हणजे भोजनाची. अन्नाच्या टेबलांवरची झाकणे उघडली की निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतात. ज्या संस्थांमध्ये सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याची रीत आहे, तेथे ही अडचण आपोआप सुटते. भोजन आटोपून निवांत झालेला, कुटुंबासह बसलेला आणि पूर्ण शुद्धीतला प्रेक्षक जादूगाराला मिळतो. मद्याच्या प्याल्यांभोवती रंगलेल्या मेजवानीत प्रयोग करण्याहून हे कितीतरी सुखाचे.

मंचावर कोणाला बोलवावे?

खरी नाजूक बाब यापुढेच येते. जादूच्या बहुतेक प्रयोगांना प्रेक्षकांतील एक सहायक लागतो. नाट्यगृहात तो कोणीही असू शकतो, कारण दोन तासांनंतर कोणी कोणाला ओळखत नाही. कंपनीत मात्र हीच माणसे सोमवारी सकाळी शेजारच्या टेबलावर असतात. नवख्या कर्मचाऱ्याच्या खिशातून पत्ता निघाला आणि सारे खो-खो हसले, तर ते हसू त्याच्याबरोबर कार्यालयात जाते. मुख्याधिकाऱ्याला बोलावून त्यालाच गोंधळात टाकले, तर समोरचे लोक हसावे की नाही या विचारात पडतात. एखाद्या संकोची स्त्रीला आग्रहाने मंचावर आणणे हे तर सरळ असभ्य. विनोदाच्या ओघात कोणाची भाषा, उंची, रंग, प्रांत यांवर बोट ठेवले की टाळ्या मिळतात, पण त्या टाळ्यांत एक माणूस सामील नसतो.

हिंजवडीसारख्या ठिकाणी देशाच्या सर्व राज्यांतून आलेले लोक एकत्र काम करतात. एकाच सभेत मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तीन भाषा सांभाळाव्या लागतात. एका भाषेतला गमतीचा शब्द दुसऱ्या भाषिकाला टोचू शकतो. म्हणून या क्षेत्रात एक साधा दंडक उपयोगी ठरतो: मंचावर आलेला माणूस खाली उतरताना वर येतानापेक्षा मोठा झालेला असावा. जादू त्याच्या ‘हातून’ घडावी आणि टाळ्याही त्यालाच मिळाव्यात. कोरा कागद कर्मचाऱ्याच्या मुठीत नोट होतो, तेव्हा चमत्कार त्याचा असतो, जादूगार केवळ निमित्त. हे ज्याला साधले, त्याला पुढच्या वर्षीही आमंत्रण येते.

कधी कधी यजमानच अडचणीची मागणी करतो. रिकाम्या पेटीतून कंपनीचे नवे उत्पादन प्रकट व्हावे किंवा धुरातून साहेबच अवतरावेत, असा आग्रह होतो. प्रयोग शक्य असतो, परंतु त्याला तालीम हवी असते, आणि नेमका साहेबांनाच तालमीला वेळ नसतो. पेटीत शिरणाऱ्याला कोठे उभे राहायचे आणि केव्हा हलायचे हे ठाऊक नसेल तर फजितीच काय, इजाही होऊ शकते. अशा वेळी नम्रपणे ‘नाही’ म्हणणे हाही या व्यवसायातील कौशल्याचाच भाग आहे.

कला आणि दावा

प्रयोग संपल्यावर गर्दी पांगते आणि दोघे-तिघे रेंगाळतात. मनातला आकडा ओळखणाऱ्या जादूगाराला ते एकांतात विचारतात, “माझी बढती होईल का? कोणता शेअर घ्यावा? मुलीचे लग्न कधी जमेल?” प्रश्न भाबडा असतो, पण विचारणाऱ्याची काळजी खरी असते. येथे उत्तर देण्याचा मोह झाला की कलावंताचा भोंदू होतो. ‘हे सारे सरावाचे आणि युक्तीचे काम आहे, मला भविष्य कळत नाही,’ असे स्पष्ट सांगणे हे त्याचे कर्तव्य.

महाराष्ट्राने या प्रश्नाची मोठी किंमत मोजली आहे. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी आयुष्य वेचणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्याच्या विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणे व त्यातून पैसा मिळवणे हा त्यानुसार गुन्हा आहे. रंगमंचावरील जादूगार याच्या नेमका उलट वागतो. मी तुम्हाला चकवणार आहे, असे तो आधीच सांगतो. प्रेक्षकाची संमती घेऊन केलेली ही फसवणूक आहे, म्हणूनच ती निरुपद्रवी आहे.

मुक्या जीवांची सुटका

टोपीतून ससा आणि रुमालातून कबूतर हे जादूचे जगभर ओळखीचे चित्र. त्यामागे अंधाऱ्या, अरुंद कप्प्यात दडपून बसवलेला जीव असतो, हे प्रेक्षकाच्या ध्यानी येत नाही. कर्णकर्कश संगीत व प्रखर दिवे यांनी तो आणखी भेदरतो. प्राण्यांचा खेळ करणाऱ्यांना २००१ च्या नियमांनुसार नोंदणी सक्तीची आहे, तर वन्यजीव संरक्षण कायद्याने १९७२ पासून वन्य पशुपक्ष्यांना संरक्षण दिले आहे. कायद्याची भीती हे एक कारण झाले. पण जिवंत प्राण्याविना उत्तम प्रयोग होतात, हे त्याहून चांगले कारण आहे. दोर, नाणी, पत्ते, पुस्तके आणि पाहुण्यांनीच दिलेली अंगठी एवढ्या सामग्रीवर पूर्ण संध्याकाळ रंगते.

रुमालाचीही एक गोष्ट आहे. रेशीम अगदी लहान घडीत मावते आणि झटकन उलगडते, म्हणून जादूगारांना ते प्रिय. परंतु सामान्य रेशमासाठी कोषातील किडे मारले जातात. आज तलम कृत्रिम कापड मिळते आणि थोड्या सरावाने तेही तितकेच चपळ होते. अहिंसेचे व्रत सांभाळणाऱ्या यजमानाने हा आग्रह आधीच कळवला, तर जाणकार कलावंत तो सहज पाळू शकतो.

मानधनातला मान

या कलेचे मूळ रस्त्यावर आहे. गारुडी आणि मदारी यांनी चौकाचौकांत पेले-चेंडूंचा खेळ कोणत्याही मंचाविना केला. तिन्ही बाजूंनी वेढलेल्या गर्दीत, उघड्या आकाशाखाली लोकांना खिळवून ठेवणे त्यांना साधत होते. आजच्या हिरवळीवरच्या जादूगाराची कसोटी त्यांनी केव्हाच दिली होती. तरीही १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत गाणे, नाचणे वा खेळ करून रस्त्यावर पैसे मागणेही भिकेतच मोडले. तीच बोटे, तीच चलाखी. एकाला बिदागी मिळाली आणि दुसऱ्याला पोलिसांचा धाक.

मंचावरच्या जादूगाराचेही सारे सुखाचे नाही. टाळ्या त्याच रात्री मिळतात, पैसे मात्र कित्येकदा महिनोन्‌महिने लांबतात. कंपनी आयोजक-संस्थेकडे बोट दाखवते, संस्था कंपनीकडे. दरम्यान गाडीचे भाडे, सहायकांची मजुरी आणि साहित्याची दुरुस्ती हा खर्च झालेला असतोच. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु सेवादात्याचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा अधिक थांबवता येत नाहीत. पण पुढचे काम हातचे जाईल या भीतीने कलावंत कायद्याचे नाव काढत नाही. २०२० मध्ये साथीच्या टाळेबंदीत मेळावेच थांबले, तेव्हा शिल्लक नसलेल्यांचे हाल झाले.

यजमानाच्या हाती

आपल्यापैकी अनेक कुटुंबे व्यापार-उद्योगात आहेत. कलावंताला आमंत्रण देणारा हात बहुधा त्यांचाच असतो. जागेचे छायाचित्र आधी पाठवावे. प्रयोगाची वेळ ठरवून ती पाळावी. त्या वेळी भोजन व इतर संगीत थांबवावे. कोणाला मंचावर बोलवू नये, याची सूचना द्यावी. प्राणी व रेशीम नको असेल तर आधी सांगावे. आणि ठरलेली रक्कम कार्यक्रमाच्या दिवशीच द्यावी. यांतल्या एकाही गोष्टीला वेगळा खर्च येत नाही.

कलावंताला दिल्या जाणाऱ्या रकमेला मराठीत ‘मानधन’ म्हणतात. या शब्दात मान आधी आहे आणि धन नंतर. भऱ्याच्या हिरवळीवरून रात्री उशिरा आपल्या पेट्या गाडीत चढवणाऱ्या माणसाला दोन्ही मिळाले, तर त्या संध्याकाळी कोणीच फसले नाही असे म्हणता येईल.