नडगीला बांधलेला फोन

अजिंक्यतारा चढताना धाप लागते, पण गुडघा कुरकुरतो तो उतरताना. सातारकरांना हे सांगावं लागत नाही. सांगलीत कृष्णाकाठच्या सपाटीवर तेवढंच चाला, गुडघ्याची आठवणही होत नाही. असं का होतं, ते आता घरच्या घरी मोजून बघता येतं.

बहुतेक स्मार्टफोनमध्ये जायरोस्कोप असतो. त्यातला सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा सतत थरथरत असतो. फोन वळला की तो किंचित बाजूला सरकतो आणि त्यावरून वळण्याचा वेग कळतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं 'फायफॉक्स' हे मोफत ॲप तो वेग आलेखात दाखवतं. क्रेप बँडेजने फोन नडगीला बांधून वीस पावलं चाला. पाय पुढे झेपावला की रेघ उंच चढते, टाच टेकली की धाडकन कोसळते. टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत सेकंदभराहून थोडा जास्त वेळ जातो. त्यातला साधारण ६० टक्के वेळ पाय जमिनीवर असतो, ४० टक्के हवेत.

गुडघ्याचा कोन हवा असेल तर दुसरा फोन मांडीला बांधायचा आणि दोन्ही कोनांची वजाबाकी करायची. इथेच खरी गोम आहे. जायरोस्कोप कोन सांगत नाही, वेग सांगतो. कोन आपण बेरजेने काढतो. सेकंदाला ०.१ अंशाची चूक म्हणजे मिनिटाला ६ अंश! उधारीच्या वहीसारखी ती साचत जाते. म्हणून अभ्यासक एक सेन्सर बुटावरही लावतात. दर पावलाला तळवा क्षणभर जमिनीवर स्थिर असतो. त्या क्षणी त्वरणमापकाला फक्त गुरुत्वाकर्षण जाणवतं, बुटाचा खरा कल कळतो आणि वही कोरी होते. मला यातली ही युक्ती सगळ्यात आवडते.

सपाटीवर गुडघा सुमारे ६० अंश वाकतो, पण तो पाय हवेत असताना, म्हणजे बिनभाराचा. भार पेलताना तो जेमतेम १५-२० अंश वाकतो. उतारावर मात्र अंगाचा भार असतानाच त्याला जास्त वाकावं लागतं, आणि मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत राहतात. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या यामुळेच.

गडावर प्रयोग करणार असाल तर बँडेज घट्ट बांधा आणि फोन नडगीच्या हाडावरच ठेवा. पोटरीवर सरकला, तर आलेखात चाल कमी आणि मांसाची थरथरच जास्त दिसेल.