अकिकातल्या सुया

आपल्या मॉरिशसचा काळा दगड आणि पूर्वजांच्या महाराष्ट्राचा काळा दगड एकाच कुळातले आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त जागेतून दख्खनवर लाव्हा पसरला, त्याच जागेने पुढे, सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी, आपले बेट समुद्रातून वर आणले, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. आज ती जागा शेजारच्या रियुनियनखाली आहे.

दख्खनचा लाव्हा थंड होताना त्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. काही पोकळ्यांत पाणी झिरपून प्रथम मॉर्डेनाइटसारख्या खनिजांच्या केसाएवढ्या बारीक सुया उगवल्या. मग सिलिका येऊन त्यांच्याभोवती घट्ट बसली. असा सुयांचा अकीक म्हणजे सजेनाइट अकीक. या नावाच्या मुळाशी 'जाळे' असा अर्थ आहे.

आपल्यापैकी काही कुटुंबे भारतात जातात. तिकडे अहमदनगर, आता अहिल्यानगर, जिल्ह्यात नेवाशाजवळ प्रवरेच्या काठच्या गोट्यांत अकिकाच्या जातीचे दगड मिळतात. आदिमानवाने त्यांचीच हत्यारे केली होती. मात्र जुन्या वस्तीच्या जागेवरून काही उचलू नये, आणि खाणीत मालकाला विचारल्याशिवाय जाऊ नये. गोटा ओला करून उन्हात धरला की आतल्या सुया दिसतात.

घासण्याचे काम धीराचे आहे. अकिकाची कठीणता सुमारे ७, तर मॉर्डेनाइटची ५ च्या आसपास. जोर लावला तर सुया आधी झिजतात आणि तेथे बारीक खड्डे पडतात. म्हणून पाण्यात चालणारा पॉलिश पेपर घ्यावा: २२०, ४००, ६००, मग १२००. एकही पायरी गाळू नये. प्रत्येक पायरीनंतर दगड व हात धुवावेत. शेवटी ओल्या नमद्यावर सिरियम ऑक्साइडने हलक्या हाताने चमक आणावी.

आता मुख्य गोष्ट. अकीक कधीही कोरडा घासू नये. गुजरातेत खंबायतला हा धंदा फार जुना आहे; तेथे कोरडी धूळ श्वासात जाऊन अनेक कारागीर सिलिकोसिसने गेले. फुफ्फुसे एकदा निकामी झाली की ती पूर्ववत करणारे औषध नाही. आम्ही शिक्षक मुलांना छंद लावतो, तेव्हा ही खबरदारीही आम्हीच शिकवली पाहिजे. दगड, कागद आणि हात सतत ओले ठेवावेत, गाळ ओला असतानाच पुसून टाकावा आणि लहान मुलांजवळ मोठ्या माणसाने बसावे.